‘स्कोप’ कशाला आहे?

अठराव्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या कुणाचीही दोन प्रश्नांपासून सुटका नसते. पहिला, ‘पुढे काय घेणार?’ आणि त्यावर काहीही उत्तर आलं तरी लगेच दुसरा, ‘त्याला स्कोप आहे का?’ स्कोप हा शब्द आपण उसना आणला, पण त्यात भरलेला ऐवज आपलाच. नोकरी लागेल का, पगार बरा मिळेल का, चारचौघांत विषयाचं नाव घेताना खाली बघावं लागणार नाही ना, एवढं सगळं त्या दोन अक्षरांत मावतं. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही.

तरीही हा प्रश्न मला वाईट वाटतो. तो फार व्यवहारी आहे ही माझी तक्रार नाही. तो पुरेसा व्यवहारी नाही, ही तक्रार आहे. आज प्रवेश घेणारी मुलगी बाजारात उतरणार चार-पाच वर्षांनी आणि त्या बाजारात वावरणार पुढची चाळीस वर्षं. या सगळ्या काळाचा अंदाज आपण बांधतो कशावरून, तर मामाच्या मित्राच्या मुलाला गेल्या वर्षी किती पॅकेज मिळालं यावरून. खरा व्यवहारी प्रश्न वेगळा आहे: हा विषय चुकला, तर मागे फिरायला किती महागात पडेल? आणि हा प्रश्न मुलांच्या आधी, त्यांना प्रवेश देणाऱ्या संस्थांना विचारायला हवा.

स्कोपमधली मेख अर्थशास्त्रज्ञांना फार पूर्वी सापडली होती, तीही डुकरांच्या बाजारात. १९२० च्या दशकात जर्मनीत आर्थर हानाउ यांनी डुकरांच्या भावांचा अभ्यास केला. भाव चढला की सगळे पाळणारे एकदम जास्त डुकरं पाळायला घेतात. ती वाढून विक्रीला येईपर्यंत वेळ जातो, आणि मग सगळ्यांचा माल एकाच सुमाराला येऊन भाव पडतो. पडलेला भाव बघून सगळे हात आखडतात, पुढे टंचाई होते, भाव पुन्हा चढतो. कागदावर याचा आलेख कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो, म्हणून अर्थशास्त्रात या चक्राला जाळ्याचंच नाव पडलं. १९७६ साली रिचर्ड फ्रीमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हेच गणित नव्या इंजिनिअरांना लावून पाहिलं आणि ते बऱ्यापैकी बसलं. पगार चढे असले की वर्ग भरतात, चार वर्षांनी सगळे एकदम बाहेर पडतात, सुरुवातीचे पगार खाली येतात, ते बघून पुढच्या मुलांचा ओघ आटतो. डुकरांशी तुलना पदवीधरांना रुचणार नाही. पण दोघांनाही तयार व्हायला काही काळ लागतो आणि तो काळ बाजार थांबून राहत नाही, हे साम्य नाकारता येत नाही.

खनिज तेलाचं घ्या. २०१२ साली तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं आणि पेट्रोलियम इंजिनिअरिंगइतका स्कोप दुसऱ्या कशाला क्वचितच असेल. त्या वर्षी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसलेला विद्यार्थी २०१६ साली पदवी घेऊन बाहेर आला. दरम्यान २०१४ च्या मध्यापासून भाव घसरत गेला आणि २०१६ च्या सुरुवातीला तो तीस डॉलरच्याही खाली जाऊन आला. कंपन्या कामावर असलेल्यांनाच कमी करत होत्या. या मुलाची निवड तेव्हाच्या माहितीनुसार अगदी बिनचूक होती. माहितीच शिळी व्हायची होती.

बरं, मामाच्या मित्राचं सोडा, क्षेत्रातल्या सर्वांत जाणत्या माणसाला तरी सांगता येतं का? २०१६ साली जेफ्री हिंटन यांनी जाहीरपणे सांगितलं, की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं. पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. यंत्राला चित्र ओळखायला शिकवणाऱ्या तंत्राच्या जनकांपैकी हा माणूस. त्यांच्याइतकं जवळून ते पाहणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रेडिओलॉजिस्ट आजही आहेत, ते यंत्रं वापरतात आणि बऱ्याच देशांत त्यांची टंचाई आहे. त्या वेळी कुणी एखाद्याने हिंटन यांचं ऐकून ती वाट सोडली असेल, तर त्याने जगातल्या सर्वोत्तम सल्लागाराचा सल्ला मानला असं म्हणावं लागेल.

गंमत पुढेच आहे. हे हिंटन स्वतः केंब्रिजमध्ये शिकत असताना निसर्गविज्ञान, कलेचा इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय बदलत फिरले आणि १९७० साली पदवी घेतली ती प्रायोगिक मानसशास्त्राची. मध्ये काही काळ सुतारकाम केलं. मग एडिंबरामध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेत डॉक्टरेट. आणि २०२४ साली नोबेल मिळालं, ते भौतिकशास्त्राचं. दुसऱ्यांचं भविष्य सांगताना ते चुकले. स्वतःचं भविष्य मात्र त्यांनी सांगितलंच नव्हतं, फक्त वळायची मोकळीक घेतली होती. अर्थात ती मोकळीक त्यांना मिळाली म्हणून घेता आली, हे इथेच नोंदवून ठेवतो. त्याकडे परत यायचं आहे.

स्कोपवाल्यांच्या समोर दुसरा पक्ष उभा असतो, तो आवडवाल्यांचा. ‘बाजार बघू नका, स्वतःचा कल ओळखा.’ ही शिकवण ऐकायला उदात्त आहे, पण तिच्यातही तेच गृहीतक दडलेलं आहे: कुठेतरी एक ठरलेलं उत्तर आहे आणि ते आधीच शोधून काढता येतं. एक पक्ष ते बाजारात शोधतो, दुसरा काळजात, एवढाच फरक. व्यवसाय मार्गदर्शन नावाची शाखा जिथून सुरू झाली असं मानतात, ते फ्रँक पार्सन्स यांचं बोस्टनमधलं केंद्र १९०८ साली उघडलं. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची: स्वतःला नीट ओळखा, कामांची नीट माहिती घ्या, मग दोन्हींची सांगड घाला. अभियोग्यता चाचण्यांचा सगळा पसारा थोड्याफार फरकाने आजही याच पायऱ्यांवर उभा आहे. पार्सन्स स्वतः सिव्हिल इंजिनिअर झाले होते. मग रेल्वेत काम, मजुरी, शिक्षकी, वकिली, प्राध्यापकी असं करत ते या केंद्रापर्यंत पोचले. कोणत्या चाचणीने त्यांना ही वाट दाखवली असती, मला कल्पना करता येत नाही.

आवडीबद्दल २०१८ साली पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. आवड ही आतच असते आणि ती फक्त सापडायची असते असं मानणारे विद्यार्थी, आणि आवड हळूहळू घडते असं मानणारे, असे दोन गट. पहिल्या गटाला स्वतःच्या विषयाबाहेरच्या गोष्टींत रस कमी. आणि नव्याने रुची वाटू लागलेल्या विषयातला मजकूर अवघड निघाला की त्यांचा उत्साह लवकर ओसरला. हे साहजिकच आहे. खरी आवड असती तर जड कशाला गेलं असतं, असा तो हिशेब.

मला स्वतःला हा हिशेब भोवला आहे. मी रसायनशास्त्र घेतलं, कारण ज्योतीत धरलेल्या क्षारांचे रंग मला भारी आवडायचे. तांबं हिरवं, पोटॅशियम जांभळट, स्ट्रॉन्शियम लालभडक. पुढे कळलं की रसायनशास्त्र म्हणजे बहुतांश वेळ वजन करणं, काचसामान धुणं, पुन्हा वजन करणं, आणि तिसऱ्या दशांश स्थळी आलेल्या फरकाचा छडा लावणं. माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला त्या तिसऱ्या दशांश स्थळाचंच वेड होतं. रंगांकडे ती बघायचीही नाही. ती आजही प्रयोगशाळेत आहे. मी लोकांचे मजकूर तपासून पोट भरतो, जिथे एका स्वल्पविरामासाठी अर्धा तास घालवायचा मला कंटाळा येत नाही. विषय निवडताना आपण त्याच्या मुखपृष्ठाकडे बघतो. बघायला हवं त्याच्या रटाळ भागाकडे, कारण प्रत्येक विषयात तोच जास्त असतो. म्हणून कुणी मला विचारलं, तर मी पहिल्या वर्षाची माहितीपुस्तिका मिटायला सांगतो आणि शेवटच्या वर्षाची प्रश्नपत्रिका शोधून वाचायला सांगतो. समजणार नाही, तरी वाचावी. आणि त्या क्षेत्रातला कुणी भेटला तर ‘काम कसं आहे’ असं विचारू नये, उत्तर नेहमी ‘छान आहे’ असंच येतं. ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत’ असं विचारावं.

दुसऱ्या वर्षी मला विषय बदलायचा होता. महाविद्यालयाने सांगितलं, बदलता येईल, पण पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. दोन वर्षं पाण्यात घालायची हिंमत नव्हती. पदवी पूर्ण केली. आता वाटतं, चूक माझी होती यात वाद नाही, पण तिची किंमत कुणी ठरवली होती?

कारण अशी चूक काही दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या सरकारी शिक्षण आकडेवारी केंद्राने २०१७ साली दिलेल्या माहितीनुसार, मुख्य विषय ठरवलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी पहिल्या तीन वर्षांत तो निदान एकदा बदलला. दहातल्या एकाने एकापेक्षा जास्त वेळा. गणित घेतलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के. पदवीनंतरचं चित्र तर अधिकच सैल आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले जेसन एबल आणि रिचर्ड डाइट्झ यांनी २०१० च्या आकडेवारीवरून पाहिलं, तर पदवीधरांपैकी जेमतेम २७ टक्क्यांचं काम त्यांच्या मुख्य विषयाशी जुळत होतं. ही जुळणी यादी समोर ठेवून काटेकोरपणे केलेली असते, त्यामुळे इतिहास शिकून पत्रकार झालेला माणूसही तिच्यात न जुळलेलाच ठरू शकतो. तेवढी सूट द्यायला हवी. सूट देऊनही उरतं ते एवढं, की विषय म्हणजे रुळाची पट्टी आणि नोकरी म्हणजे तिच्या टोकाचं स्थानक, हे चित्र निम्म्याहून जास्त लोकांना लागू पडत नाही.

मग विषय लवकर ठरवायला लावल्याने निदान चुका तरी कमी होतात का? यावर एक सुरेख तुलना उपलब्ध आहे. इंग्लंडमध्ये विद्यापीठात अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो आणि मग तीन वर्षं तोच शिकायचा. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये पदवी सहसा चार वर्षांची, आणि सुरुवातीची दोन वर्षं बरीच मोकळी. ओफर मलामुड या अर्थशास्त्रज्ञाने दोन्हीकडच्या पदवीधरांचं पुढे काय झालं ते तपासलं. आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या व्यवसायात जाण्याचं प्रमाण लवकर ठरवणाऱ्या इंग्लंडमध्ये जास्त निघालं. म्हणजे ज्यांना थोडं थांबू दिलं त्यांनी निवड अधिक जपून केली, आणि ज्यांना घाईने बांधलं ते पदवी हातात पडल्यावर दावं सोडून निघून गेले. चुकीची किंमत टळली नाहीच, उलट ती सर्वांत महाग टप्प्यावर भरावी लागली.

इथे विद्यार्थ्याच्या हातात असलेली एक गोष्ट सांगतो, जी मला कुणी सांगितली नव्हती. सगळ्या विषयांतून मागे फिरणं सारखं अवघड नसतं. काही विषय जिन्यासारखे असतात: तिसरी पायरी चढल्याशिवाय चौथी नाही. गणित, भौतिकशास्त्र, एखादं वाद्य. काही अंगणासारखे असतात, कुठूनही आत येता येतं: व्यवस्थापन, इतिहास, जाहिरात, पत्रकारिता. अंगणात खोल विहिरी नसतात असं नव्हे. आत येण्याची वाट रुंद असते एवढंच. गणितातून अर्थशास्त्रात, विमाक्षेत्रात, संगणकात जाणारे पुष्कळ दिसतात. तिशीत व्यवस्थापन सोडून गणिताकडे वळलेला माणूस क्वचित सापडतो. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७६ साली भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, आणि त्यानंतर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दोन वर्षं मोजावी लागली, पण वाट बंद नव्हती. उलट दिशेने, जीवशास्त्रातून सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे, ती कितपत उघडी असती याची मला शंका आहे. नोबेलवाल्यांची उदाहरणं फसवी असतात हे मान्य. पण वाट कोणत्या बाजूला उतरती आहे, हे साध्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. तेव्हा दोन विषयांत मन अडकलं असेल आणि एक जिन्याचा, एक अंगणाचा असेल, तर जिना आधी. गणितातून ५२ टक्के बाहेर पडले या आकड्याला अपयश म्हणण्याची मला तरी घाई नाही. निदान बाहेर पडायला दार होतं.

पहिल्या पगाराबद्दलही बोलायला हवं, कारण स्कोपची सगळी भिस्त त्यावर असते. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी २०२० साली दाखवलं, की संगणक, इंजिनिअरिंग अशा उपयोजित विषयांच्या पदवीधरांना कमाईत जी आघाडी मिळते ती सुरुवातीला सर्वांत मोठी असते आणि पहिल्या दहा वर्षांतच तिचा निम्म्याहून अधिक भाग झिजतो. कारण उघड आहे: या कामांतली कौशल्यं फार वेगाने बदलतात, कालची जुनी होतात आणि दर वर्षी नवी कौशल्यं घेऊन नवी पोरं दारात उभी असतात. याचा अर्थ इंजिनिअर गरीब होतात असा नाही. विषयाविषयांत कमाईचा फरक असतो आणि तो नाही असं सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे. पण करिअरची आखणी पहिल्या पगारावरून करणं म्हणजे पहिल्या दहा षटकांवरून सामना घोषित करणं. आखणी करायचीच तर दोन-तीन वर्षांच्या तुकड्यांत करावी: आत्ता काय शिकतोय, त्यातलं दुसरीकडे नेता येण्यासारखं काय आहे, आणि नको वाटलं तर बाहेर पडायची तारीख कोणती.

आता आक्षेप. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांना उशीर परवडत नाही, असं म्हणतात. काही अंशी खरं आहे. शस्त्रक्रिया अर्धवट शिकून चालत नाही. पण अमेरिकेत आधी दुसरी कुठली तरी पदवी आणि मग वैद्यकीय शिक्षण, ही रीत वर्षानुवर्षं चालू आहे, आणि युरोपात बहुतेक ठिकाणी शाळेतून थेट. दोन्हीकडे डॉक्टर तयार होतातच. तेव्हा अठराव्या वर्षाची घाई हा निसर्गनियम नाही, सोयीचा निर्णय आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. वळायची मोकळीक ही ज्याच्या घरी खायची चिंता नाही त्याची चैन आहे. ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, जो घरातला पहिलाच पदवीपर्यंत पोचलाय, त्याने जिने आणि अंगणं यांचा विचार करत बसायचं, की हातात लवकर पगार येईल ते धरायचं? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. त्याने लवकर पगार देणारं धरलं तर ते शहाणपणाचंच आहे, आणि त्याला ‘आवडीचं कर’ असं सांगणाऱ्याने आधी त्याचा हप्ता भरावा. पण नीट पाहिलं तर हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. चूक दुरुस्त करणं महाग असेल तर श्रीमंताचा मुलगा ती किंमत भरून मोकळा होतो. अडकतो तो गरीब. ज्याला चुकणं परवडत नाही, त्याच्यासाठीच चुकणं स्वस्त करायला हवं.

आणि ते संस्थांच्या हातात आहे. पहिलं वर्ष बऱ्याच अंशी सामाईक ठेवता येतं. एका शाखेत मिळवलेली क्रेडिट दुसरीकडे धरता येतात. गुणांच्या क्रमाने शाखा वाटून दार बंद करण्याऐवजी वर्षाअखेरीला काही जागा अदलाबदलीसाठी उघडता येतात. प्रयोगशाळेतली टेबलं मोजकीच असतात, वेळापत्रकं कोलमडतात, या अडचणी खऱ्या आहेत. पण वेळापत्रकाची अडचण एका कार्यालयाची असते आणि दोन वर्षं वाया जातात ती शेकडो मुलांची. आज हा तोटा कुणाच्याच हिशेबात दिसत नाही, म्हणून तो चालू राहतो.

संस्थांच्या जाहिरातींत सर्वाधिक पॅकेजचा आकडा ठळक अक्षरांत असतो. गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी विषय बदलायला अर्ज केला, किती जणांना बदलून मिळाला आणि त्यात त्यांचा किती काळ गेला, हे तीन आकडे मी अजून एकाही माहितीपुस्तिकेत पाहिलेले नाहीत. प्रवेशाच्या खिडकीवर विचारून बघा. समोरचा माणूस आधी पुस्तिका उलटसुलट करेल, मग ‘असं का विचारताय, अजून प्रवेशही झाला नाही’ म्हणेल, आणि तुम्ही हलला नाहीत तर उठून आत कुणाला तरी विचारायला जाईल.